राखणदाराचं पाणी

वासुदेव राऊळशी लग्न करताना हेमलताला कोणीच सांगितलं नव्हतं, की पुढे सवती म्हणून पाचसहाशे फणस घरात यायचे आहेत. घरात म्हणजे अगदी घरात नव्हे, वर सड्यावर. पण नवरा सकाळी उठला की चहाच्या आधी तिकडे, जेवला की तिकडे, ताप आला तरी तिकडे. एखाद्या झाडाचं पान पिवळं पडलं तर दोन दिवस घरात सुतक. हेमलताचं एकदा डोकं आठ दिवस दुखत होतं, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हे ती त्याला येताजाता ऐकवते, आणि ऐकवायलाच हवं.

ही गोष्ट अजून घडायची आहे. फार लांब नाही. आज अंगणवाडीत भोकाड पसरणारी पोरं त्या साली स्वतःच्या लग्नाचं बघत असतील. तोवर पावसाचं तंत्र पार बिघडलेलं असेल. भाताचा भरवसा उरला नाही, तेव्हा कोकणातली कितीतरी गावं फणसाकडे वळली. फणसाच्या पिठाची भाकरी मधुमेहवाल्यांना चालते म्हणून शहरात तिला मागणी, आणि झाड एकदा लागलं की नातवंडांपर्यंत देतं. वेळखोलच्या बायकांनी संघ काढला, हेमलता त्याची अध्यक्ष झाली. गावाच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे नुसता काळा उघडा कातळ, त्यात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती नेऊन भरली, आणि कलमं लावली. पाणी द्यायचं काम वासुदेवाकडे आलं. त्यात त्याने जीव ओतला. झाडं वाढली, फळं धरू लागली. खाली गरे सुकवायची आणि पीठ दळायची शेड उभी राहिली. वाडीतल्या निम्म्या बायका तिथे कामाला.

मग उन्हाळे माघातच सुरू व्हायला लागले. गावाखालचा तलाव दर साली थोडा आधी तळ दाखवू लागला. शेवटी ग्रामसभेने ठरवलं की येत्या शिमग्यापासून तलावाचं पाणी फक्त घरांना, बागेला थेंब नाही. ह्या ठरावाला हेमलतानेही हात वर केला. तिच्याही घरात माणसंच राहत होती. हात खाली घेताना मात्र तिला कळत होतं, पाण्यावाचून एक उन्हाळा, आणि बाग संपली.

म्हणून तिने रुबीना खतीबला बोलावलं.

रुबीना रत्नागिरीची. माती आणि पाणी हा तिचा विषय, आणि झाडांची मुळं ही तिची हौस. ती पहिल्यांदा सड्यावर आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, खड्ड्यांत पावसाची ओल अजून होती. तिने एका झाडाखाली यंत्र फिरवलं आणि पडद्यावर उमटलेलं चित्र वासुदेवासमोर धरलं.

"काका, तुमची झाडं कुंडीत आहेत."

"कुंडीत? बाय, डोळे तपासून घी. कातळात असत ती."

"कातळातल्या कुंडीत. ही मुळं बघा."

चित्रात मुळं खड्ड्याच्या कडेकडेने गोल गोल फिरलेली होती, पिळून ठेवलेल्या लुगड्यासारखी. खाली एकही गेलेलं नव्हतं.

"मूळ आंधळं नसतं, काका," रुबीना म्हणाली. "त्याच्या टोकाला ओल कळते. एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं, तर ते ओल्या बाजूला वळतं. फाटेसुद्धा ओल्याच बाजूला फोडतं. आणि माती हळूहळू वरून सुकत गेली, तर फाटे फोडायचं थांबवून ते सरळ खाली निघतं, ओलीच्या मागे. तुम्ही रोज वर पाणी देता. मग त्याने खाली जायचं कशाला?"

वासुदेव वाकून खड्ड्यातली माती चाचपू लागला.

"कातळाच्या खाली शेडी आहे. मऊ, पांढरी माती. पावसाळ्यात मुरलेलं पाणी ती वर्षभर धरून ठेवते. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असतं ना, ते तिचंच. कातळाला भेगा आहेत. त्या भेगांतून मुळं शेडीपर्यंत गेली, की ह्या झाडांना तलाव नको आणि कोणी पाणी द्यायलाही नको."

शेवटचं वाक्य तिने आनंदाने म्हटलं, आणि तेच वासुदेवाला लागलं.

"म्हंजे आजवर मी घातलेला पाणी वायट?"

"पाणी चांगलं, काका. जागा चुकली."

त्या दिवशी तो जेवला नाही. हेमलताने ताट झाकून ठेवलं, आणि तिला त्याची दया आली. पण दयेने झाडं जगत नाहीत, हेही तिला दिसत होतं.

रुबीनाची युक्ती सांगायला सोपी होती. प्रत्येक खड्ड्याच्या तळातून कातळात एक बारीक भोक पाडायचं आणि त्यात नळी बसवायची. तिला सगळे सुई म्हणू लागले. नळीच्या आत दुसरी नळी, ती खाली ढकलता यायची. वरचं पाणी एकदम बंद, आणि सुईतून थोडंसं पाणी मुळांच्या जरा खाली सोडायचं. मुळं तिथवर आली, की सुई आणखी खाली. चालायला शिकणाऱ्या पोरापुढे लाडू धरून आपण एकेक पाऊल मागे सरतो, तसं मुळांना शेडीपर्यंत न्यायचं.

अवघड होता तो वेग. वरून माती सुकत येते आणि मूळ खाली जातं, ह्या दोघांची शर्यत. मूळ दिवसाला फार तर बोटाच्या पेराएवढं सरकतं. सुई घाईने खाली नेली तर ओल मुळांच्या हाताबाहेर जाते. उशीर केला तर सुकवा मागून येऊन मुळांना गाठतो. दोन्हीकडून मरण. त्यासाठी रुबीनाकडे एक काचेची तार होती, शिवायच्या दोऱ्याएवढी. ती जमिनीत सोडली की तिच्यातून धावणारा प्रकाश दोन गोष्टी टिपायचा. माती किती ओली, हे एक. आणि मूळ मातीतून वाट काढतं तेव्हा कण सरकतात, त्यांची खरखर, हे दुसरं. म्हणजे मुळं कुठवर आली ते यंत्राला ऐकू यायचं. तार महाग, म्हणून एका नमुन्याच्या झाडालाच ती लावायची, त्याची मुळं जशी उतरतील तसा फोनवर हुकूम यायचा, आणि मग सगळ्या झाडांच्या सुया एक खूण खाली ढकलायच्या.

नमुन्यासाठी रुबीनाने बागेच्या मधलं, पायवाटेलगतचं झाड निवडलं. त्याच्या बुंध्याशी राखणदाराचा पाषाण होता. सड्याची राखण करणारा देव तो, बाग नव्हती तेव्हापासूनचा. रुबीनाने रीतसर परवानगी मागितली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला. मग तिने जमलेल्या सगळ्यांना नीट विचारलं, "ह्या झाडाला कोणी वेगळं पाणी घालतं का?"

"नाय बा!" सगळे एका आवाजात म्हणाले. हेमलताही म्हणाली. आणि कोणीही खोटं बोललं नव्हतं.

वरचं पाणी बंद झालं, तसा वासुदेवाचा हातच गेल्यासारखा झाला. बागेला जाणाऱ्या पाण्याची चावी हेमलताने स्वतःकडे ठेवली होती. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो नुसताच झाडांमधून फिरायचा, पानं उलटीपालटी करून बघायचा. पौषापर्यंत ठीक होतं. फोनवर हुकूम यायचे, बायका सुया खाली ढकलायच्या. मग हुकूम यायचे थांबले. यंत्र म्हणत होतं, नमुन्याच्या झाडाची मुळं वरच रेंगाळली आहेत, थांबा. म्हणून सगळे थांबले.

माघ लागला आणि पानं पिवळी पडू लागली. आधी कडेची झाडं, मग मधली. सकाळी सड्यावर गेलं की पायाखाली कुरकुर वाजायचं. वासुदेवाने काही झाडांना नावं दिलेली होती. त्यातली लंगडी, वादळात एका अंगाला कललेली आणि त्याने टेकू देऊन वाचवलेली, ती तर पार बोडकी झाली. तिच्या फांद्या बघून तो घरी आला आणि त्याने हेमलताशी बोलणंच टाकलं. जे सांगायचं ते मांजराला.

"मांजरा, तुझ्या मालकिणीक सांग, चाय निवली."

"मांजरा, तुझ्या मालकाक सांग, हात मोडूक नाय हत. गरम करून घी."

मांजर बिचारं दोघांकडे बघून निघून जायचं.

शेवटी संघाची बैठक झाली. शेड चालवणारी इंदू परब उभी राहिली. इंदूचं बोलणं तिखट, पण मनात काही नसतं. "हेमाकाकी, आमी तुझ्यावर इश्वास ठेवलो. आता झाडां डोळ्यांदेखत मरतत. चावी उघड. शिमग्याक अजून अवकाश असा. तवसर तरी पाणी घालूया."

"आता वरती पाणी घातला तर मुळां परत वर येतली," हेमलता म्हणाली. "आणि शिमग्यानंतर कोण घालतला? तेव्हा सगळीच मरतली."

"आणि आता काय जगतत?"

कोपऱ्यात बसलेला वासुदेव इतक्या दिवसांनी सरळ तिच्याशी बोलला. "हेमा, लंगडीक तरी दोन कळशे घालूक दी. एकट्या लंगडीक."

त्याचा आवाज असा काही झाला होता, की बायका खाली बघू लागल्या. चावी हेमलताच्या कमरेलाच होती. ती द्यावी आणि मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. "नाय," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली. बाहेर जाऊन रडली. त्यांच्यासमोर रडली असती तर चावी द्यावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरातली कळशी भरून सड्यावर गेली. माणसाच्या हातचं सगळं करून झालं की माणूस जिथे जातो तिथे, म्हणजे राखणदारापुढे. तिने फोन बुंध्याला टेकवून ठेवला. यंत्राची रेषा त्यावर सारखी चालू असायची, हल्ली ती उठताबसता तीच बघायची. तिने हात जोडले. "बा राखणदारा, माझी झाडां राख. फळ धरला की पयलो फणस तुझो." आणि कळशी पाषाणावर ओतली.

पाणी पाषाणावरून घरंगळलं, बुंध्याशी मातीत जिरलं. आणि फोनवरची ओलीची रेषा उठली. आधी जराशी, मग चांगली ठळक.

हेमलता रेषेकडे बघत राहिली. मग पाषाणाकडे. मग हातातल्या रिकाम्या कळशीकडे. आणि ती तिथेच मातीत बसली.

तेवढ्यात पायवाटेने शेडवर कामाला निघालेल्या बायका आल्या. पुढे इंदू. तिने हेमलताकडे बघून न बघितल्यासारखं केलं, पिशवीतून बाटली काढली, राखणदारावर पाणी घातलं, नमस्कार केला. मागची आली, तिने घातलं. तिच्या मागचीने घातलं. सगळ्या रोजच घालत होत्या. आधी वाटेत आला देव म्हणून घोटभर घालायच्या. झाडं सुकायला लागल्यापासून बाटलीभर घालत होत्या, आणि एकदोघी कळशीभर. झाडं जितकी सुकत तितकी काळजी वाढे, काळजी वाढे तितकं पाणी वाढे, पाण्याने नमुन्याचं झाड वरच सुखात लोळे, आणि यंत्र बाकी सगळ्या झाडांना सांगे, थांबा. पण पाणी घालता का म्हणून कोणी विचारलं असतं, तर ह्या बायकांनी आजही देवाशपथ नाही म्हटलं असतं. ते शिंपण थोडंच होतं? ते देवाचं पाणी होतं.

हेमलताने रुबीनाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"काकी," रुबीना म्हणाली, "मी सगळ्यांना विचारलं होतं."

"इचारलंस. पण झाडाक घालतात काय, असा इचारलंस. देवाक घालतात काय, असा खंय इचारलंस?"

रुबीनाला हसावं की रडावं कळेना. वर ओल टिकलीय हे तिला दिसत होतं, पण खड्डा खोल आणि सावली दाट, त्यामुळे असेल, असं धरून ती गप्प बसली होती. "म्हणजे बाकीच्या झाडांचं काय चाललंय, ते आपल्याला माहीतच नाही," ती म्हणाली. "कदाचित ती केव्हाच खाली निघून गेली असतील आणि आपल्या सुया वरच राहिल्या असतील. कदाचित मेलीही असतील. मी निघते. आजच येते."

दुपारी ती आली ती तारेचा एक सुटा तुकडा घेऊन. "कोणतं तरी एक झाड सांगा. त्याच्या सुईतून तार सोडते."

"लंगडी," वासुदेव म्हणाला. "मेली आसली तर माझ्या तोंडार सांग."

लंगडीवर एक पान नव्हतं. रुबीनाने तार सोडली, यंत्र जोडलं, आणि पडद्याऐवजी आवाज चालू केला. आधी काहीच नाही. वाऱ्याची घुरघुर, कोणाच्या तरी पावलाचा दणका. "कोणी हलू नका," ती म्हणाली. सगळ्या बायका श्वास धरून उभ्या. इंदूने तर डोळेही मिटले.

मग आलं. अगदी बारीक, पण थांबायचं नाव नाही. खर... खर... खर...

"काय ता?" वासुदेवाने विचारलं.

रुबीनाने यंत्राचा आवाज वाढवला. "मूळ, काका. तुमच्या लंगडीचं मूळ. सुईच्याही खाली आहे, पुष्कळ खाली. पाण्याला मागे टाकून एकटंच पुढे गेलंय. पानं गाळली ती मेली म्हणून नाही. होतं नव्हतं ते सगळं तिने खाली लावलंय."

वासुदेव गुडघ्यांवर बसला. यंत्राला कान लावला, मग यंत्र बाजूला सारून जमिनीलाच कान लावला. तिथे त्याला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तो उठेना. उठला तेव्हा गालाला लाल माती लागलेली, आणि डोळ्यांतून पाणी.

"बघत काय ऱ्हवलात?" तो सगळ्यांवर ओरडला. "ती तानलेली खाली गेली हा, आणि आमी पाणी घेवन वरती बसलंव! ढकला सुये!"

तिथून पुढचे दिवस वेळखोलने जे काम केलं, ते बघायला हवं होतं. लंगडीची तार बोलेल तशा सुया खाली जायला लागल्या. शिमगा तोंडावर आलेला, चाकरमानी मुंबईहून आलेले, खेळे नाचायला निघालेले. वासुदेवाने सगळ्यांना सड्यावर चढवलं. तोंडाला रंग लावलेले खेळे सुया ढकलतायत, ढोलवाला ढोल बाजूला ठेवून नळीला हात लावतोय, आणि वासुदेव एका झाडाकडून दुसऱ्याकडे धावत शिव्या देतोय. त्याच्या शिव्या इतक्या दिवसांनी ऐकून हेमलताला जिवात जीव आल्यासारखं झालं.

राहिला प्रश्न राखणदाराचा. देवाचं पाणी बंद करा, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती, आणि हेमलताची इच्छाही नव्हती. तिने पाथरवटाकडून पाषाणाभोवती एक पन्हळ कोरून घेतली आणि पन्हळीचं तोंड नमुन्याच्या झाडाच्या सुईत सोडलं. वर घाला हवं तितकं, जाणार खालीच. गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा महाराजा! आज ह्यो वेळखोल गाव तुझ्या पायाकडे जमलो हा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आजपासून तुका घातलेला पाणी वरती ऱ्हवाचा नाय, तळाक जावचा असा! त्येचो तू राग मानू नको, आणि ज्या मुळाक तान लागली आसात त्येका वाट दाखव महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा सडा गरजला. रुबीनाही. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं इंदू नंतर कितीदा सांगायची.

शिमगा झाला. तलावाचं पाणी ठरल्याप्रमाणे बागेला बंद झालं. सुया जितक्या खाली जात होत्या तितक्या गेल्या होत्या. आता झाडं आणि त्यांचं नशीब. चैत्र गेला, वैशाख लागला, कातळ असा तापला की चपलेतूनही चटका बसे. झाडांवर बारीक कोंब आले, पण कोंबाचा भरवसा काय, मरतं झाडही कोंब काढतं. घरोघर पाणी मोजून येत होतं. रुबीनाने जाताना लंगडीच्या तारेचं एक टोक खड्ड्यातल्या वरच्या मातीत ठेवलं होतं आणि हेमलताला बजावलं होतं, "ही माती कोरडीच राहिली पाहिजे. वर पाणी पडलं, तर सगळी मेहनत पाण्यात."

आणि एका सकाळी हेमलताने फोन बघितला, तर लंगडीच्या खड्ड्यातली ओलीची रेषा उठलेली.

ती तशीच अंगणात गेली. पिंपात हात घातला. काल भरलेलं पिंप चांगलं बादलीभर कमी होतं. वासुदेव ओटीवर दात घासत होता.

"तुमी लंगडीक पाणी घातलांत?"

"नाय."

"माझ्याकडे बघून सांगा. पिंपातला पाणी खंय गेला?"

वासुदेवाची मान खाली गेली. भर बैठकीत नवऱ्याच्या रडवेल्या आवाजाला नाही म्हणून तिने ही बाग धरून ठेवली होती, आणि आता ह्याच माणसाने, तिच्या पाठीमागे, घरातलं मोजकं पाणी नेऊन...

"सांगा तर खरा!"

"काल दुपारी आंघोळ केलंय," तो पुटपुटला. "दुसरी. गरम किती होय ता. तू निजलेलंस."

"खोटा बोलू नका."

"राखणदाराशप्पथ, हेमा. मी त्या झाडाक हात लावक नाय. एक दिवस नाय." तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. "माका काय कळणा नाय? त्या मुळाची खरखर मी आयकलंय. तेका मी परत वर बोलवीन?"

तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि रेषा समोर दिसत होती. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी ती त्याला घेऊन वर गेली. लंगडीपाशी त्याला समोर बसवलं. फोन मध्ये ठेवला, रुबीनाला फोनवर धरलं. वासुदेव दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. आजूबाजूला कोणी नव्हतं. आभाळात ढग नव्हता. आणि त्या दोघांच्या डोळ्यांसमोर रेषा वर चढायला लागली. सावकाश, पण चढतच गेली.

"रुबीना," हेमलता घाबरून म्हणाली, "बघतंस मगे? कोण पाणी घालता हय?"

पलीकडून आधी हुंदका आला आणि मग हसू. "झाड, काकी! झाड घालतंय!"

"काय म्हणतंस?"

"मुळं शेडीला पोचली! दिवसा पानं पाणी ओढतात. रात्री पानं थांबली, तरी खालच्या ओलीतून मुळं पाणी ओढतच राहतात. मग ते पाणी वरच्या मुळांत चढतं आणि वरच्या कोरड्या मातीत पाझरतं. हे झाड तळातलं पाणी उपसून स्वतःच्या खड्ड्याला देतंय, काकी. रोज पहाटे. पाणी पोचल्याशिवाय हे होऊच शकत नाही. पोचली मुळं! एकसारख्या सुया, एकसारखी माती, सगळी बाग पोचत असणार!"

वासुदेवाने खड्ड्यातली माती बोटांनी उकरली. वरचा पापुद्रा कोरडा होता. खाली बोटं ओली झाली. त्याने ती मूठ हेमलताच्या तळहातावर ठेवली. वैशाखातली माती, गार आणि ओलसर. "माका माफ करा," ती म्हणाली, "मी तुमका खोट्यात काढलंय."

"मरांदे गो ता." तो उभा राहिला होता. उजाडत होतं. सगळा सडा करपून काळा पडलेला, आणि त्याच्या मधोमध बाग. प्रत्येक झाडावर कोवळी, तेलकट, चकचकीत पानं. एका अंगाला कललेल्या लंगडीच्या फांद्यासुद्धा त्यांनी भरल्या होत्या. तलावाचा थेंब नव्हता की माणसाचा हात नव्हता, आणि पाचसहाशे झाडं पहाटेच्या कामाला लागलेली होती.

वासुदेव छाती पुढे काढून बघत राहिला. हेमलताला वाटलं, आता हा माणूस खचणार, याचं काम गेलं. पण त्याच्या चेहऱ्यावर असा काही तोरा चढला होता, जसा पोरगी पहिल्या नंबराने पास झाल्यावर बापाच्या चेहऱ्यावर चढावा.

"रुबीनाबाय!" तो फोनकडे बघून ओरडला. "सकाळी उठून, चाय न घेता, झाडाक पाणी घालूचा, ह्या तेंका कोणी शिकवल्यान, सांग?"

"कोणी, काका?"

"मिया!" तो म्हणाला. "माझ्या हाताखाली शिकली ती सगळी!"

"तुमच्याच," हेमलता म्हणाली. ती मनापासून म्हणाली, आणि हातातली ओली माती तिने तशीच घट्ट धरून ठेवली.